टेबलावरची मॅट: कापड की प्लास्टिक?

पुण्यात घरसजावटीच्या वस्तूंचं छोटं दुकान चालवणाऱ्या आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. त्या व्हिएतनाम आणि चीनमधून विणलेला माल आणतात: ताटाखाली ठेवायच्या टेबल मॅट, उशांची आणि कुशनची कव्हरं, सीग्रासचे (एका गवताचे) आणि तागाचे गालिचे, सुती थ्रो (सोफ्यावर किंवा पलंगावर टाकायच्या चादरी). पुरवठादाराने इन्व्हॉइसवर जो कोड (मालाचा वर्ग आणि त्यावरून ड्यूटी ठरवणारा आकडा) छापला तोच कस्टम्स ब्रोकर आजवर बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या नोंदीत, भरत आला. या खेपेला न्हावा शेवा बंदरात कस्टम्सची क्वेरी आली. मॅट ६३०२ खाली, म्हणजे टेबल लिनन म्हणून दाखवल्या होत्या. अधिकारी विचारतात, हे प्लास्टिक का नाही? माल अडकला आहे, डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा रोजचा आकार) चढतं आहे. ब्रोकर म्हणतो, ‘साहेब म्हणतील तो कोड मान्य करा, फरक भरा, माल सोडवा.’ आयातीच्याच धंद्यात असलेले दीर म्हणतात, पुढच्या वेळी पुरवठादाराला सरळ ‘कॉटन मॅट’ लिहायला सांग. त्यांचे प्रश्न तीन आहेत. सगळ्यात कमी ड्यूटीचा, पण अंगाशी न येणारा कोड कोणता? आधीचा माल पास झालाच आहे, मग त्याची काळजी कशाला? आणि, ‘मी चोर ठरणार का?’

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवली आहे असं पत्र वाचताना जाणवलं. नाही, तुम्ही चोर ठरत नाही. वर्गीकरणावरून मतभेद होणं ही आयात व्यापारात रोजची गोष्ट आहे. नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वस्तूचं वर्णन खरं असेल, तर अमुक कोड किंवा अमुक सवलत मागणं ही आयातदाराची समजूत झाली. ती पुढे चुकीची निघाली, म्हणून त्याने खोटी माहिती दिली असं होत नाही.

पण हे संरक्षण वर्णन खरं असेपर्यंतच आहे, आणि दिरांचा सल्ला नेमका तिथेच घाव घालतो. पीव्हीसीच्या मॅटला ‘कॉटन’ लिहिलंत की मतभेद संपला आणि खोटं विधान सुरू झालं. कस्टम्स कायद्याच्या कलम २८ प्रमाणे साध्या चुकीत कस्टम्स विभागाला ड्यूटी वसूल करायला दोन वर्षं मागे जाता येतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर पाच वर्षं. वर ड्यूटीइतकाच दंड आणि माल जप्त होण्याची शक्यता. दिरांनी चांगल्या मनानेच सुचवलं असेल, पण त्यांचं या बाबतीत अजिबात ऐकू नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. ‘सगळ्यात कमी ड्यूटीचा कोड कोणता’ असं विचारताना तुम्ही गृहीत धरता की एका वस्तूला चार कोड लागू असतात आणि त्यातला परवडणारा आपण उचलायचा. मला ही सुरुवातच उलटी वाटते. कोड वस्तूवरून ठरतो. वस्तू कशाची आहे, कशी बनली आहे आणि कशासाठी आहे, ही तीन उत्तरं हातात असतील तर बहुतेक वेळा एकच कोड उरतो. तुमच्या पत्रात ड्यूटीचे आकडे भरपूर आहेत, पण मॅट कोणत्या धाग्याची आहे याबद्दल एक ओळही नाही. तुमचा ब्रोकर, पुरवठादार आणि क्वेरी काढणारा अधिकारी, तिघेही त्याच एका ओळीवाचून अडले आहेत.

पुरवठादाराच्या कोडवर इतका विश्वास का, हेही विचारते. जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टीम १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. पुढचे दोन अंक आपल्या कस्टम्स टॅरिफचे, म्हणजे ड्यूटीच्या दरपत्रकाचे. सहा अंक जुळले तरी पुरवठादाराने ते त्याच्या सोयीने निवडलेले असू शकतात. चीनमध्ये निर्यातीवर मिळणारा व्हॅटचा परतावा कोडप्रमाणे बदलतो. त्याचा कोड तुम्हाला दिशा दाखवेल, पण पुरावा म्हणून चालणार नाही. आणि २०११ पासून आपल्याकडे स्वमूल्यांकन आहे, म्हणजे ड्यूटी आयातदारानेच ठरवून भरायची. बिल ऑफ एंट्रीतला कोड कायद्याने तुम्ही, म्हणजे आयातदाराने, ठरवलेला असतो. ब्रोकर तुमच्या वतीने फक्त तो भरतो.

मॅटबद्दल सविस्तर लिहिते, कारण विणलेल्या घरगुती वस्तूंमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि तुमच्यासारखे अनेक जण इथे अडकतात.

नमुन्याची एक मॅट घ्या, कडेची शिवण उसवा आणि विणीतला एक धागा सोडवून घ्या. तो चपटी पट्टी आहे की गोल तार? कापून बघा, आत पांढरं सूत दिसतं की आरपार प्लास्टिकच आहे? मग व्हर्नियर कॅलिपरने मोजा. टॅरिफच्या अकराव्या विभागाची, म्हणजे वस्त्रांच्या विभागाची, पहिलीच टीप सांगते की ५ मिलिमीटरपेक्षा रुंद प्लास्टिक पट्टी किंवा १ मिलिमीटरपेक्षा जाड एकेरी प्लास्टिक तार वस्त्र मानली जात नाही. अशा पट्टीचं विणकाम टॅरिफच्या ४६ व्या प्रकरणाकडे (चॅप्टरकडे), म्हणजे चटया-टोपल्यांच्या घरात जातं. पट्टी विणीत दुमडलेली किंवा पिळलेली असेल तर रुंदी त्याच अवस्थेतली धरतात, उलगडून नाही. पट्टी अरुंद किंवा तार बारीक असेल तर वस्त्रांचा दरवाजा उघडतो. आत पॉलिएस्टरचं सूत आणि वर पीव्हीसीचं आवरण असेल तर ते ५६०४ मधलं आवरणयुक्त सूत, आणि वस्त्र म्हणून तुमचा दावा बराच मजबूत होतो.

तरी एक सावधगिरी. ‘५ मिलिमीटरपेक्षा अरुंद म्हणजे आपोआप कापड’ असं भारतात धरून चालू नका. एचडीपीई या प्लास्टिकच्या अरुंद पट्ट्यांपासून विणलेल्या पोत्यांवरून आपल्याकडे जुना वाद आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने राज पॅकवेल खटल्यात त्या पट्ट्या आणि पोती प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात टाकली. जीएसटी आल्यावर ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात बीओपीपीचा (प्लास्टिक फिल्मचा) थर दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या पिशव्याही प्लास्टिकच्याच धरल्या गेल्या. तुमचा अधिकारी बहुधा याच वळणाने विचार करत असेल, आणि तो विचार निराधार नाही. म्हणून उत्तर देताना वस्त्रांच्या विभागाची ती टीप दाखवून थांबू नका. धाग्याच्या आत वस्त्राचं सूत आहे का, हा मुद्दा पुढे ठेवा, कारण पोत्यांच्या पट्टीत असं सूत नव्हतं.

मॅट आधी विणून मग तिच्यावर प्लास्टिकचा थर चढवला असेल तर गोष्ट आणखी बदलते. कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेलं असेल आणि तो थर नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर माल ३९ व्या प्रकरणात जातो.

समजा, मॅट वस्त्रच ठरली. तरी ६३०२ पक्का होत नाही. हार्मोनाइज्ड सिस्टीमच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये टेबल लिनन म्हणजे टेबलक्लॉथ, मॅट, रनर, नॅपकिन असा माल, पण सहसा धुऊन वापरता येण्याजोगा. मखमली किंवा जरतारी कापडाचा शोभेचा रनर सहसा ६३०४ मध्ये, इतर सजावटीच्या वस्तूंत जातो. म्हणजे धुण्याच्या सूचनेचं लेबलसुद्धा इथे पुरावा ठरतं. तुमच्या मॅटवर ‘ओल्या फडक्याने पुसा’ एवढंच लिहिलं असेल, तर टेबल लिननचा दावा थोडा सैल होतो.

बाकीच्या मालाकडे आताच बघून घ्या, क्वेरी येण्याआधी.

झोपायच्या उशीचा अभ्रा ६३०२ मध्ये, बेड लिनन म्हणून. सोफ्यावरच्या कुशनचं कव्हर ६३०४ मध्ये. तेच कुशन भरून आणलंत तर ९४०४. तिन्ही एकाच खोक्यात येतात आणि इन्व्हॉइसवर तिन्हींना ‘पिलो कव्हर’ लिहिलेलं असतं, हे तुमच्याच जोडलेल्या कागदांत दिसतं आहे. कापड मिश्र असेल तर वजनाने जो तंतू जास्त तो धरायचा; कोणताच जास्त नसेल तर जे शीर्षक (चार अंकी कोड) क्रमाने शेवटी येतं ते. उपशीर्षक (सहा अंकी कोड) ठरवताना लूप किंवा पाइल (वर आलेले धागे) असलेल्या मालात खालचं मूळ कापड हिशेबात घेत नाहीत, वरच्या लूपचाच तंतू बघतात. पुरवठादाराने सांगितलेली टक्केवारी पूर्ण कापडाची आहे की वरच्या पृष्ठभागाची, हे त्याला विचारून घ्या.

गालिच्यांत बनवण्याची पद्धत निर्णायक असते: गाठी मारलेला ५७०१, विणलेला ५७०२, टफ्टेड (तयार कापडात सुईने धागे खोवलेला) ५७०३. काथ्याचे ५७०२ मध्येच, त्यांना स्वतंत्र उपशीर्षक आहे. ५७ व्या प्रकरणाची पहिली टीप लक्षात ठेवा: गालिच्याचं स्वरूप असलेली वस्तू दुसऱ्या कामासाठी आणली तरी गालिचाच. किलीम (लव नसलेला विणलेला गालिचा) तुम्ही भिंतीवर टांगायला विकता, म्हणून तो वॉल हँगिंग होत नाही. सीग्रासचं मात्र वेगळं. ते सूत न कातता गवताच्या स्वरूपातच विणलं असेल तर ४६ वं प्रकरण, आणि ताग कातलेल्या सुताचा असेल तर वस्त्र. तुम्ही दोन्ही ‘नॅचरल फायबर रग’ या एकाच ओळीत आणता. ती ओळ आजच तोडा.

थ्रोबद्दल थोडक्यात. जाड, ऊब देणारा, बहुधा पृष्ठभाग उसवून लव आणलेला असेल तर ६३०१, म्हणजे ब्लँकेट. पलंगावर शोभेला पसरायचा असेल तर ६३०४. वजन, वीण आणि पॅकिंगवरचं चित्र, तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

पैशांचा हिशेब करताना एक फरक ओळखा. आयातीवर भरलेला आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, नोंदणीकृत व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिटमधून परत येतो. बेसिक कस्टम्स ड्यूटी मालाच्या किमतीत कायमची मुरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ६३ व्या प्रकरणातल्या बहुतेक तयार वस्तूंवर नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्या पत्रातली तुलना दोन्ही कर एकत्र धरून केली आहे, त्यामुळे दोन कोडमधला फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. फक्त बेसिक ड्यूटीचा फरक काढा आणि तो रोजच्या डिटेन्शनशेजारी ठेवून बघा.

आता अडकलेला माल. ब्रोकर म्हणतो तसं ‘मान्य करून सोडवा’ हा मार्ग वाईटच असं मी म्हणत नाही. धागा मोजल्यावर अधिकाऱ्याचं बरोबर निघालं तर आनंदाने मान्य करा, फरक भरा, माल घरी आणा. पण केवळ घाई आहे म्हणून लेखी मान्यता देऊ नका. ती दिलीत की कलम १७(५) खालचा कारणांसह आदेश मागण्याचा हक्क जातो. न दिल्यास पुनर्मूल्यांकनानंतर १५ दिवसांत तसा आदेश द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं. आयटीसी प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मूल्यांकनालाच आव्हान दिल्याशिवाय नुसता परतावा मागता येत नाही. ‘आत्ता भरू, नंतर परत मागू’ हे म्हणून अवघड आहे.

धागा तुमच्या बाजूने बोलत असेल तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागा. बाँड आणि सुरक्षा रक्कम देऊन माल सुटतो आणि कोडचा निर्णय नमुना तपासल्यावर होतो. तोवर सीएफएसचा (बंदराजवळच्या कंटेनर ठेवायच्या आवाराचा) खर्च जड होत असेल तर कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांपर्यंत माल सार्वजनिक गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. तपासणीसाठी मुंबईत प्रभादेवीला टेक्सटाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. तुमच्याकडचा नमुना स्वतःच्या खर्चाने तिथे द्या आणि अहवाल हाती आला की तो उत्तराला पूरक म्हणून पाठवा.

क्वेरीचं उत्तर लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. फेसलेस (समोरासमोर न येता, ऑनलाइन होणाऱ्या) मूल्यांकनामुळे माल न्हावा शेव्याला असला तरी कागद बघणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. त्याने तुमची मॅट हातात घेतलेली नाही. ‘टेबल मॅट, वोव्हन’ एवढं वाचून त्याने प्लास्टिकचा प्रश्न विचारला, तर तो त्याचा खवटपणा नव्हे. पूर्ण ओळ द्या: विणलेली टेबल मॅट, १०० टक्के पॉलिएस्टर फिलामेंट सुतावर पीव्हीसीचं आवरण, सुताचा व्यास इतका, विणल्यानंतर वेगळा थर नाही, कडा दुमडून शिवलेल्या, माप इतकं बाय इतकं, धुता येते. अर्थात तुमची मॅट खरोखर तशी असेल तरच. सोबत कापलेल्या धाग्याचा जवळून काढलेला, शेजारी मोजपट्टी असलेला फोटो जोडा. तो दोन पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो.

आधीच्या खेपा ‘पास’ झाल्या आहेत, या समजुतीवर विसंबू नका. कस्टम्सच्या संगणकीय जोखीम व्यवस्थापन प्रणालीतून पुष्कळ बिलं कोणीही न तपासता पुढे जातात; माल सुटला म्हणजे कोणी कोड मान्य केला असं होत नाही. जुने नमुने मोजा. कोड चुकला होता असं निघालं तर नोटीस येण्याआधी स्वतःहून फरक आणि व्याज भरा. व्याज सध्या वर्षाला १५ टक्के आहे. कलम २८ मध्येच सोय आहे की असा भरणा आधी केला आणि लबाडी नसेल तर त्या रकमेसाठी नोटीसही येत नाही आणि दंडही लागत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम १८ए खाली माल सुटल्यावर आयातदाराला स्वतः नोंद दुरुस्त करण्याचा मार्गही आता आहे. तुमच्या जुन्या खेपांना तो लागू होतो का, हे कस्टम्सच्या वकिलाकडून तपासून घ्या. त्या एका भेटीची फी वसूल होईल.

पुढच्या ऑर्डरसाठी अग्रिम निर्णय, म्हणजे माल येण्याआधीच कोडबद्दलचा अधिकृत निकाल, मागता येतो. मुंबईत कस्टम्सचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. अर्ज आयातीआधी करायचा, आणि मिळालेला निर्णय तुमच्यावर आणि कस्टम्स विभागावर बंधनकारक असतो. पण जो प्रश्न तुमच्याच बाबतीत अधिकाऱ्यापुढे प्रलंबित आहे, त्यावर अर्ज घेतला जात नाही. मॅटसाठी हा रस्ता तूर्त बंद समजा. सीग्रासचे गालिचे आणि थ्रो यांच्यासाठी मात्र तो खुला आहे आणि तुम्ही तो जरूर वापरावा. दुसऱ्या आयातदारांना मिळालेले निर्णय प्रसिद्ध होतात. ते तुम्हाला बंधनकारक नसले तरी अधिकारी कसा विचार करतात हे त्यातून कळतं. मॅटचे असतील तर आधी तेच वाचा.

ब्रोकरशी भांडू नका, बदलायचीही घाई नको. २०१८ च्या परवाना नियमांप्रमाणे ग्राहकाला योग्य सल्ला देणं ही त्याची जबाबदारी आहे. यापुढे प्रत्येक नव्या वस्तूला ‘हा कोड का’ याचं दोन ओळींचं लेखी कारण त्याच्याकडून घ्या. मात्र त्याला वस्तूची माहिती तुम्ही पुरवली पाहिजे. ऑर्डर पक्की करण्याआधी पुरवठादाराकडून तंतूची टक्केवारी, धाग्याचा प्रकार आणि जाडी, चौरस मीटरचं वजन, विणण्याची पद्धत, आवरण आणि कडांचं काम लिहून घ्या, आणि एक नमुना दुकानात कायमचा जपून ठेवा.

सोलापुरातून टेरी टॉवेल आणि तयार कापडी वस्तू बाहेर पाठवणारे वाचकही मला अधूनमधून लिहितात, त्यांच्यासाठीही हेच. तुमच्या शिपिंग बिलावरचा (निर्यातीच्या नोंदीवरचा) कोड परदेशातला खरेदीदार डोळे झाकून त्याच्या कस्टम्सला देतो, आणि इथे ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल या निर्यातदाराला कर परत देणाऱ्या योजनांचे दरही त्याच कोडवर ठरतात. सुती टेरी टॉवेल ६३०२ ६० मध्ये आणि साधा विणलेला सुती टॉवेल ६३०२ ९१ मध्ये जातो. दोन्ही एका गठ्ठ्यात जात असतील तर ओळी वेगळ्या करा.

तुमच्यासाठी या आठवड्याचा क्रम असा: उद्या मॅट उसवून धागा मोजा, परवा नमुना प्रभादेवीला पोचवा, आणि अहवालाची वाट न बघता क्वेरीला उत्तर देऊन तात्पुरत्या मूल्यांकनाची मागणी नोंदवा. उत्तराचा मसुदा स्वतः लिहा. ब्रोकरने तो तपासावा. पुरवठादाराला आजच रात्री मेल करून सुताचा तपशील मागवा, आणि त्या मेलमध्ये वर्णन बदलण्याविषयी एक अक्षरही नको.